आधारवर्ष

धाकटीनं पडद्यावरच्या हिरव्या रेषेवर बोट टेकवलं.

"ताई, हा देश आपण दोन वर्षं आधीपासून मोजलाय."

थोरली भाषणाची पानं लावत होती. संस्थेत ती विभागप्रमुख, तर धाकटी तिच्याच हाताखाली आणि तीही तात्पुरती. तिला कायम करायचं की नाही ते संचालक आजच्या कार्यक्रमानंतर ठरवणार होते. सख्ख्या बहिणी म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठी थोरली तिला ऑफिसात जरा जास्तच धारेवर धरी.

"मग?"

"बाकी सगळ्या युरोपाचं आधारवर्ष एकच आहे. त्या वर्षीचा कार्बन शंभर धरायचा आणि पुढे किती घटला ते बघायचं. याचे कारखाने त्याआधी नुसते धूर ओकत होते. तिथून मोजलं म्हणून हा पहिला आला. नाहीतर पाचवा."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या देशाच्या अहवालातलं वर्ष तिनंच जसंच्या तसं उचललं होतं, आणि पहिल्या नंबराची बातमी कालच पत्रकारांना पाठवली होती. बाहेर सभागृहात खुर्च्या सरकू लागल्या होत्या.

"गप्प बसू का?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं भाषणाची पानं बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बदल. पटकन."

धाकटीला तिचा इतका अभिमान वाटला की तिनं ताईचा दंड घट्ट दाबला.

सभागृहात धाकटीला संचालकांशेजारची खुर्ची मिळाली. मंचावर नवा आलेख झळकला.

"कालच्या बातमीपेक्षा हे चित्र वेगळं आहे," थोरली माईकवर म्हणाली. "आमच्या एका नवख्या सहकाऱ्याकडून आधारवर्षात चूक झाली होती. सुदैवानं ती मी वेळेत पकडली."

टाळ्या पडल्या. धाकटीचे हात मात्र मांडीवरच राहिले. खापर फोडायला हिला घरचंच डोकं सापडलं!

संचालक तिच्याकडे झुकले. "नवख्या म्हणजे तुम्हीच ना?"

थोरली पाणी पीत होती. निम्मं पाणी बाहीवर सांडलं, पण तिनं इकडे पाहिलं नाही.

"चूक कुणाची ते त्यांनाच विचारा ना, सर," धाकटी हळूच म्हणाली. "माईक त्यांच्याच हातात आहे."

संचालकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि प्रश्न विचारायला हात वर केला.