मामांच्या पोटावर शिकलेला धडा

मित्रांनो, मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. चार चाकांच्या गाडीवर बसवलेला एक पडदा, खाली बटणे आणि बाजूला लांब वायरीच्या टोकाला मुठीत मावेल असा प्रोब, एवढाच माझा संसार. अंगाला चिकट जेल लावून प्रोब टेकवला की मी माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचे चित्र काढतो. ते चित्र काळे, पांढरे आणि बहुतेक करडेच असते.

माझी पहिली वर्षे प्रसूती विभागात गेली. तिथे माझे फार लाड झाले. किती आयांनी माझ्या पडद्यावर पहिल्यांदा आपल्या बाळाचे हृदय धडधडताना पाहिले, याची गणती नाही. पुढे तिथे नवे, मोठे यंत्र आले आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. दोन वर्षे मी मोडक्या खुर्च्या आणि सलाइनच्या रिकाम्या स्टँडच्या संगतीत काढली. माझ्यावर कुणीतरी चादरींचा गठ्ठा ठेवला होता. तो उचलायला कुणी आले की माझ्या आशेला पालवी फुटे, पण ते चादरी घेऊन निघून जात.

एक दिवस इमर्जन्सी विभागाच्या मुख्य डॉक्टर आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी स्वतःचा रुमाल काढून माझा पडदा पुसला, मला चालू करून पाहिले आणि म्हणाल्या, “चालतंय की हे. माझ्या लोकांना शिकवायला एवढं पुरे.”

त्यांचे म्हणणे साधे होते. अपघाताचा पेशंट आला, तर पोटात रक्त साचले आहे का, हे खाटेशेजारीच दोन मिनिटांत कळले पाहिजे. त्याला दुसऱ्या मजल्यावर न्यायचे, रांगेत थांबवायचे, एवढा वेळ त्याच्याकडे नसतो. म्हणून विभागातल्या प्रत्येक डॉक्टरने आणि सिस्टरने माझा प्रोब हातात धरायला शिकायचे, असे त्यांनी ठरवले. रोज दुपारी तीन वाजता कोपऱ्यातल्या खोलीत आमचा वर्ग भरू लागला.

शिकायचे तर कुणाच्या तरी पोटावरच. ते पोट दिले विभागातल्या जुन्या वॉर्डबॉयने. साठीला आलेल्या या माणसाला सगळे मामा म्हणत. पेशंट उचलून उचलून त्यांची पाठ धरलेली असे. “तेवढंच अर्धा तास आडवं व्हायला मिळतं,” असे म्हणत ते शर्ट वर करून खाटेवर पडत.

तरुण डॉक्टर आठवड्याभरात तयार झाले. मागे राहिल्या त्या मोठ्या सिस्टर. सव्वीस वर्षांची नोकरी. लहान बाळाची नस त्या डोळे मिटून शोधत. पण माझा प्रोब हातात आला की त्यांना घाम फुटे.

“मला नुसत्या मुंग्या दिसतात हो,” त्या म्हणायच्या. “माझं वय गेलं हे शिकायचं.”

मॅडम त्यांच्या हातावर आपला हात ठेवत. “पेनासारखा धरा, झाडूसारखा नको. हात तिथेच राहू दे, मनगट तेवढं वळवा. हे यकृत, ही किडनी. या दोघांच्या मधे काळी पट्टी दिसली तर समजायचं, रक्त किंवा पाणी साचलंय.”

वर्ग संपला की सगळे जात. सिस्टर मात्र मागे रेंगाळत आणि मामा उठायचे सोडून म्हणत, “या सिस्टर, अजून एकदा. आणि नीट दाबा, मी काही काचेचा नाही.” असे दीड महिना चालले. हळूहळू त्या मुंग्यांतून सिस्टरना यकृत दिसू लागले, मग किडनी. ज्या दिवशी त्यांनी मूत्राशय न विचारता शोधले, त्या दिवशी मामांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या.

मग पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा धडा आला. मणक्याची पांढरी कमान शोधायची, तिच्यावर ठोके देणारे काळे वर्तुळ दिसते, ते मोजायचे. दोन सेंटिमीटरच्या आसपास असावे. मॅडमनी एवढे सांगितले आणि त्यांना पेशंटसाठी बोलावणे आले. डॉक्टरही त्यांच्यामागे धावले. खोलीत उरलो आम्ही तिघे.

सिस्टरनी प्रोब ठेवला. कमान सापडली. वर्तुळही सापडले, पण ते फार मोठे होते. त्यांनी मोजले. आकडा पुसून पुन्हा मोजले. तिसऱ्यांदाही आकडा तोच, पावणेसहा. माझ्या पडद्यावर मामांचा ठोका दिसत होता आणि प्रोबवर सिस्टरच्या बोटांतला ठोका लागत होता. दुसरा जास्त जोरात होता.

मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्या मनात काय चालले होते, ते मला त्यांच्या हातावरून कळले. आपले चुकले असेल तर हसे होईल. आणि चुकले नसेल तर?

“मामा, उठू नका,” त्या हळूच म्हणाल्या. “मला मॅडमना दाखवायचंय.”

“दाखवा की. मला कुठे गाडी पकडायचीय?”

मॅडम आल्या. त्यांनी स्वतः पाहिले, मोजले. प्रोब थोडा खाली सरकवून पुन्हा मोजले. मग त्यांनी विचारले, “तुमचं किती आलं, सिस्टर?”

“पावणेसहा.”

“माझंही तेवढंच.”

मामांनी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. “काय झालं? कितवा महिना लागला मला?”

सिस्टर हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. “मामा, पोटातली मोठी नळी फुग्यासारखी फुगलीय. तुमची पाठ बहुधा तिच्यामुळेच दुखत होती. ती फुटायच्या आत सापडलीय, हे आपलं नशीब. आजच मोठ्या हॉस्पिटलात जायचं. चालायचं नाही, काही उचलायचं नाही.”

ज्या स्ट्रेचरवरून मामांनी हजारो माणसे नेली, त्यावरूनच त्यांना नेले. मामी त्यांच्या चपला छातीशी धरून मागून चालत होत्या. त्यानंतर चार दिवस सिस्टरनी मला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला. दुपारी तीनला त्या खोलीत येऊन स्वतःच खाटेवर झोपल्या आणि नव्या डॉक्टरला म्हणाल्या, “चला, यकृत दाखवा.”

अडीच महिन्यांनी मामा आले. निम्मे झाले होते. सवयीने खाटेवर बसू लागले तेव्हा सिस्टरनी त्यांच्या हातात माझा प्रोब दिला. “आज तुम्ही बघा.” त्यांनी तो आपल्याच पोटावर टेकवला. सिस्टरनी त्यांचे मनगट वळवले. वर्तुळ दिसले, आत शिवलेल्या नव्या नळीसकट.

“हीच का ती?” मामांनी विचारले आणि पडद्यावरच्या ठोक्यावर बोट ठेवले.

आता माझा प्रोब एकदा पडून त्यातले आवाज सोडणारे काही स्फटिक मेले आहेत. चित्रात मधोमध एक काळी रेघ येते. सिस्टर आता वर्ग घेतात आणि प्रत्येक नव्या माणसाला बजावतात, “ही रेघ पेशंटची नाही, आपल्या म्हाताऱ्याची आहे.” मला म्हातारा म्हटलेले आवडते.

मित्रांनो, कधी माझ्यासारखे यंत्र तुमच्या हाती आले, तर त्याच्या वायरीवरून चाक नेऊ नका, काम झाले की जेल लागलेला प्रोब पुसून ठेवा. आणि तुम्हाला शिकता यावे म्हणून जो माणूस समोर आडवा पडतो, त्याला आधी पुसा, मग मला. त्याचा शर्ट खाली ओढून द्या, उठायला हात द्या. माझ्यासारखी यंत्रे नवी मिळतात.