खाऱ्या पाण्याची टाकी

अनिरुद्धने माशांची टाकी बाबांच्या खोलीत ठेवायची ठरवली, तेव्हा दीक्षाने एवढंच विचारलं, "रोजचं कोण बघणार?"

"एकदा बसली की बघायला काय असतं? आणि तू घरीच असतेस ना."

दीक्षा घरीच असायची, हे खरंच होतं. आधी जामबागच्या शाळेत ती गणित शिकवायची. सासऱ्यांना, तातेरावांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि तिने थोड्या दिवसांची रजा घेतली. रजा वाढत गेली आणि शेवटी तिने राजीनामाच दिला. तातेराव आरटीसीच्या बस डेपोत मेकॅनिक होते. बोलके, भांडखोर, गल्लीतल्या प्रत्येकाच्या गाडीत डोकं घालणारे. आता त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. एकच शब्द उरला होता: "हौ." जेवलात का? हौ. दुखतंय का? हौ.

"बाबा, मासे आणू? रंगीत, समुद्रातले?" अनिरुद्धने विचारलं.

"हौ," बाबा म्हणाले.

हॉलमध्ये दुपारचं कडक ऊन यायचं, म्हणून टाकी आतल्या खोलीत बसली, पलंगासमोर. अनिरुद्ध मन लावून काम करायचा. स्टँड चारी बाजूंनी लेव्हलमध्ये आणला. नळाला येणारं मंजिरा नदीचं पाणी चालत नाही म्हणून आरओचं पाणी ड्रममध्ये भरून त्यात समुद्री मीठ विरघळवलं, खारटपणा मोजला. वाळू अंथरली, सच्छिद्र दगड रचले. मग नुसतं थांबायचं होतं. पाण्यात जिवाणू रुजेपर्यंत मासा टाकला तर मरतो. काही आठवडे बाबांच्या समोर रिकामं पाणी फिरत राहिलं. दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं, उतरलं. मग केशरी-पांढऱ्या माशांची जोडी आली आणि तिच्यामागून नखाएवढी प्रवाळं. निळ्या दिव्याखाली ती उमलली, त्या संध्याकाळी दीक्षालाही छान वाटलं. तिने त्याचं कौतुक केलं.

पण टाकी बसली म्हणजे संपलं नव्हतं. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोज साधं पाणी घालून पातळी राखावी लागायची. करंट गेला की इन्व्हर्टरवर पंप चालतोय ना, ते बघावं लागायचं. अनिरुद्ध ऑफिसातून फोन करायचा. आधी बाबांचं विचारायचा, मग टाकीचं. टाकीचं विचारणं लांबायचं.

नांदेडला दीक्षाच्या धाकट्या बहिणीचा, शिवानीचा, गृहप्रवेश होता. बाबांपाशी बसायला शेजारच्या गल्लीतल्या केसरबाई तयार होत्या.

"बाबांचं होईल गं," अनिरुद्ध म्हणाला. "पण टाकीचं त्यांना काय समजणार? मला या आठवड्यात सुट्टी नाही."

दीक्षा गेली नाही. शिवानीने व्हिडिओ कॉलवर बुद्धवंदना दाखवली, नवं घर दाखवलं. हातात पाण्याचा जग धरून दीक्षा म्हणाली, "छान आहे गं, छान आहे."

उन्हाळा चढला तसं पाणी तापू लागलं. प्रवाळं मिटली. अनिरुद्धने पाणी गार ठेवणारं चिलर आणलं आणि टाकीशेजारी, पलंगाच्या उशाकडे, तिथेच जागा होती म्हणून ठेवलं. प्रवाळं पुन्हा उघडली.

त्यानंतर बाबा बिघडले. घास थुंकायला लागले. चांगल्या डाव्या हाताने चादर ढकलून द्यायचे, तोंड भिंतीकडे फिरवायचे. दीक्षा पुन्हा चादर घालायची, तोंड पुन्हा टाकीकडे वळवायची. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, बीपी ठीक. "असे पेशंट चिडचिडे होतात," म्हणाले.

एका दुपारी टाकीत पाणी घालताना तिच्या हातातलं झाकण चिलरमागे पडलं. ते काढायला ती वाकली आणि तिच्या तोंडावर भट्टीसारखा झोत आला. ती तशीच वाकून राहिली. पाण्यातली उष्णता काढून ते यंत्र खोलीत फेकत होतं, सरळ बाबांच्या उशीवर. तिने उशीला हात लावला. उशी ओली होती, गरम होती.

"बाबा, गरम होतंय?"

"हौ."

तिला बरं वाटलं. मग तिने भीत भीत विचारलं, "थंडी वाजतेय?"

"हौ," बाबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

दीक्षा पलंगाच्या कडेला बसली. इतके महिने ती त्यांना विचारत होती आणि त्यांनी होकार दिला असं समजून सगळं करत होती. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला.

"बाबा, बोलू नका. हो असेल तर हात दाबा. नसेल तर सैल सोडा. गरम होतंय?"

त्यांनी इतका जोरात दाबला की तिची बांगडी रुतली.

"ही टाकी इथे हवी?"

हात सैल पडला.

तिने चिलर बंद केलं, खिडकी उघडली, पंखा पूर्ण वेगावर सोडला आणि अनिरुद्धला फोन केला.

"वेडी झालीस का? चालू कर आधी! प्रवाळं मरतील. मी संध्याकाळी येऊन सरकवतो."

"नाही करणार. तू ये आणि ही टाकी इथून काढ."

तो आला तोवर प्रवाळं मिटून पांढुरकी पडली होती. चपला न काढताच तो टाकीपाशी गेला. "महिने घातलेत मी याच्यात, दीक्षा!"

"तू रोज इथे बसतोस, अनि. टाकीकडे तोंड करून. बाबांकडे पाठ असते तुझी."

तो काचेवर बोट ठेवून उभा राहिला. मग हळू म्हणाला, "मला त्यांच्याकडे बघवत नाही. हे होतं म्हणून निदान खोलीत यायचो तरी."

तिने चिलर थोडा वेळ चालू करून त्याला त्यामागे हात धरायला लावला. त्याने धरला आणि झटकन काढून घेतला. मग तो पलंगाकडे वळला आणि ओल्या उशीची खोळ काढायला लागला.

पुढच्या रविवारी दोघांनी पाणी बादल्यांत उपसलं आणि टाकी आपल्या बेडरूममध्ये नेली. बरीच प्रवाळं वाचली नाहीत. मासे जगले. चिलरचं तोंड बाल्कनीकडे करून घेतलं. केसरबाई दिवसा यायला लागल्या. टाकीचं पाणी अनिरुद्ध सकाळी स्वतः बघतो. कधी विसरतो, मग दीक्षाला हाक मारतो. ती कधी जाते, कधी नाही.

शाळेत जागा निघाली तेव्हा तिने बाबांना विचारलं, "मी जाऊ?"

त्यांनी हात दाबला आणि मग सोडेचनात. तिला हलके हलके एकेक बोट सोडवून घ्यावं लागलं.

जूनमध्ये ती रुजू झाली. पहिल्याच मधल्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. "जेवले, आता पडलेत," केसरबाई म्हणाल्या. "तुम्ही काय काळजी करू नका." दीक्षा फोन हातात धरून जिन्यापाशी उभी राहिली. पुन्हा लावावा असं वाटत होतं. घंटा झाली, पोरं तिला धक्के देत वर पळाली. मग तीही त्यांच्यामागून वर्गाकडे गेली.