कानाएवढं भोक

भाकरी तव्यावर पडायच्या आधी फरशीवर पडली, तेव्हा अंबिकाला पहिल्यांदा स्वतःच्या हाताचा राग आला. उजवा हात. मनगटापासून पुढं नुसत्या मुंग्या. पीठ मळताना बोटं आपली वाटायचीच नाहीत, कुणाची तरी उसनी आणल्यासारखी वाटायची. आणि तिची मेस चालायची ती याच बोटांवर. लातुरात कोचिंगच्या गल्लीत मेसला तोटा नाही, पण बहुतेक ठिकाणी पोळी, तीही सकाळची. अंबिकाकडं थापलेली गरम ज्वारीची भाकरी मिळायची, म्हणून निलंग्याच्या, उदगीरच्या, पार अर्धापूरच्या पोरी तिच्याकडं टिकून होत्या. भाकरी बंद झाली तर त्या समोरच्या मेसला जाताना मागं वळून बघणार नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. पोरींना कशाला दोष द्यायचा? जिथं निकाल तिथं पळा, हे याच गावानं त्यांना शिकवलंय.

हाडाच्या डॉक्टरनं मान चाचपली आणि झोपता कशा म्हणून विचारलं. अंबिकानं दाखवलं. उजव्या कुशीवर, उजवा हात दुमडून डोक्याखाली. उशी? घेत नाही. डॉक्टर म्हणाला की मानेची नस दबतीय, वरून रात्रभर डोक्याचा भार हातावर. हात काढा, मानेला नीट आधार देणारी उशी घ्या, नाहीतर हा हात कामातून जाईल. उशी का घेत नाही, हे काही त्यानं विचारलं नाही. बाहेर रांग लागली होती.

तसं ते आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

भूकंपाच्या वर्षी ती अकराची होती. माहेर निलंग्याकडचं. आता त्याच नावाचं गाव दुसऱ्या जागेवर वसलंय, सरळ रस्त्यांचं, ज्यात तिला स्वतःचं घर सापडत नाही. तर त्या जुन्या गावात जमीन आधीपासूनच अधूनमधून गुरगुरायची आणि मोठी माणसं म्हणायची, काही होत न्हाई. गणपती बुडवून सगळे दमून झोपले. कमलम्मा आत्याला पडसं झालं होतं, म्हणून अंबिकानं आपली उशी तिला दिली. आत्यानं एक डोक्याखाली घेतली, दुसरी कानावर दाबली. अंबिका हातावर डोकं टेकून सारवलेल्या भुईवर पडली. पहाटे तो आवाज आधी भुईतून आला. कानाला कळलं आणि पाय उठले, एवढंच. ती अंगणात उभी होती तेव्हा मागं घर होतं, आणि मग नव्हतं. भिंती दगडमातीच्या होत्या. आत्याला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून अंबिका कान भुईकडं ठेवून झोपते. खाली चटई, हातावर डोकं, कोपराच्या खळग्यात कान मोकळा. खाट नाही, गादी नाही. दाराला कडी लावल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याला कुणी आजारी म्हणत नाही. मग हिलाच का म्हणावं?

नवरा मलप्पा मूळ नायगावचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं झेरॉक्सचं दुकान. नायगावात त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली, मलप्पाचं घर उठलं, पाणी प्यालं आणि परत झोपलं. लग्न झाल्यावर तिनं एकदा सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं मध्येच भांड्यांचा किस्सा सांगितला आणि हसला. ती गप्प झाली ती झालीच.

माणूस वाईट नाही. पण कुठलीही अडचण आली की आधी मोबाइल उघडायचा आणि मग बायकोकडं बघायचं, ही त्याची रीत. डॉक्टरचं ऐकून तो उशीच्या मागं असा लागला की गिऱ्हाईक ताटकळायला लागलं. मेमरी फोम म्हणजे काय, कुशीवर झोपणाऱ्याला उंच लागते का, उताणं झोपणाऱ्याला बुटकी लागते का, दाबून सोडली की किती हळू वर येते, सगळं त्याला पाठ. पहिली उशी पापडासारखी गुंडाळून खोक्यातून आली. सोडल्यावर फुगली आणि घरभर नव्या रंगाचा वास सुटला. अंबिकानं डोकं ठेवलं. गाल रुतला, कान रुतला आणि जग बंद झालं. ती ताडकन उठून बसली.

"काय झालं आता?" मलप्पानं विचारलं.

"कान गुदमरतो."

त्याला वाटलं, उकडतंय. त्यानं ती परत पाठवली आणि गार राहणारी मागवली. तीही परत गेली. मग त्यानं डोक्याला हात लावला. मी इथं जीव तोडून शोधून राहिलो आणि हिला मानेपेक्षा कानाचं पडलंय, असं तो गिऱ्हाइकांना सांगायला लागला. मेसच्या पोरींपर्यंतही ते आलं. त्यातली एक भाकरी मोडता मोडता म्हणाली, काकू, कानाचे डॉक्टर वेगळे असतात.

शेवटी तो तिला औसा रोडवरच्या गाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. दुकान गुरुपादप्पाचं. उदगीरचा माणूस, मलप्पाच्या लांबच्या पाहुण्यातला, बोलायला गोड आणि बोलू द्यायला कंजूष. त्यानं तिला भर दुकानात, तीन परक्या बायांसमोर, चपला काढून गादीवर कुशीवर झोपवलं आणि लाकडी पट्टी घेऊन नाक आणि छातीचा मध्य एका रेषेत येतोय का ते बघितलं. डोकं वर गेलं तर उशी उंच, खाली गेलं तर बुटकी. खांदा आणि कान यांच्यात जेवढं अंतर, तेवढी उशी भरली पाहिजे. सांगत होता ते खरं होतं, हेच जास्त चिडवणारं होतं. अंबिका म्हणाली, मी गादीवर झोपत न्हाई, खाली झोपते, तर खालीच बघते. दोघंही हसले. गुरुपादप्पा म्हणाला, फरशी काय वैनी, कुठलीबी फरशी एकच.

तिनं ऐकलं नाही. एकेक उशी घेऊन फरशीवर बसली, डोकं टेकवलं आणि डाव्या हाताच्या बोटांनी फरशी वाजवून बघायला लागली. टक टक. काही नाही. दुसरी. टक टक. काही नाही.

"वैनी टरबूज घिऊन राहिल्यात का काय?" गुरुपादप्पा म्हणाला, आणि त्या तीन बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

अंबिकाला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? या गावात पहिल्या आलेल्या पोरांच्या तोंडाचे फलक इमारतीएवढे लागतात. जमीन हललेली ज्यांनी बघितली तेच लोक मजल्यावर मजला चढवतात, वर पत्रा टाकतात आणि पत्र्याखाली खाटा लावून पोरं कोंबतात. तिथं एक बाई म्हणणार, मला भुईचं ऐकायचंय. लोक वर्षातून एकदा, भूकंपाच्या दिवशी, मेणबत्त्या लावतात, तेवढं पुरे असतं त्यांना.

मलप्पानंच निवडली मग. लाटेसारखी, एक कड उंच, एक बुटकी. जमली नाही तर बदलून देतो, असा गुरुपादप्पानं शब्द दिला.

आणि गंमत म्हणजे उशी चांगली होती. हात सुटा राहिला. मुंग्या उतरल्या, दोन दिवसांत भाकरी गोल यायला लागली. फक्त झोप गेली. मान गादीवर ठेवल्यासारखी सुखात आणि कान बंद. ती डोळे उघडे ठेवून पडायची. एक डोळा छताच्या पंख्याकडं, की तो आपोआप हलतो का. दिवसा डुलक्या. आमटीत दोनदा मीठ पडलं, पोरींनी ताटं सरकवली. हात ठेवला तर झोप जाते, झोप ठेवली तर हात जातो. आणि मलप्पा विचारतो, आता कशाचं दुखणं हाय?

चौथ्या दिवशी दुपारची जेवणं उरकली, पोरी क्लासला गेल्या. अंबिकानं उशीचा अभ्रा काढला, फोमवर आमटीची वाटी पालथी ठेवली, पेनानं गोल काढला आणि भोपळा चिरायच्या सुरीनं तो गोल आरपार कापला. फोम चिवट असतो, सुरी अडते, पण भोपळ्यापुढं काही नाही. भोक पडलं. कापलेली चकती तिनं मिक्सरखाली सारली, कारण मिक्सर चालला की फरशी थरथरायची आणि ती हातातलं टाकून दाराकडं बघायची. मग अभ्र्यालाही तिथं कात्री लावली आणि आडवी झाली. मान वर टेकलेली, कान भोकात. टक टक. आलं ऐकू. जाग आली तेव्हा पोरी दारात उभ्या होत्या आणि चहाची वेळ टळून गेली होती.

मलप्पाला हे ठाऊक नव्हतं. बायको झोपत नाही, एवढंच त्याला दिसलं होतं, आणि म्हणून त्यानं गुरुपादप्पाला बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुपादप्पा काखेत नवी उशी मारून आला. अंबिका आत भांडी विसळत होती. मलप्पानं जुनी उचलून त्याच्या हातात दिली. गुरुपादप्पाचा हात आरपार गेला.

मग मलप्पाचा आवाज आला.

"उंदरानं कुरतडली असंल. लई उंदीर झालेत गल्लीत."

अंबिकाचे हात पाण्यात थांबले. एवढी वर्षं तिनं गिळलेलं सगळं त्या उंदरापाशी येऊन अडकलं. बायकोनं कापली हे सांगायची लाज, म्हणून घरात उंदीर. ती ओल्या हातांनी तशीच बाहेर आली.

"उंदीर न्हाई. मी कापली."

"अगं, जरा थांब..." मलप्पा म्हणाला.

"थांबून थांबून तर हात गेला माझा." ती गुरुपादप्पाकडं वळली. "भुईतून आवाज येतो, भाऊजी. आधी भुईतून येतो, मग भिंती पडतात. माझ्या आत्यानं कानावर उशी घेतली हुती, ती घरात राहिली. मी हातावर झोपले हुते, मी भाईर आले. म्हणून मी हातावर झोपते. तुमच्या दुकानात एवढ्या उश्या, मान बघता, खांदा बघता. कान कुठं जाणार, ते बघितलं का कुणी?"

गुरुपादप्पानं पट्टी विसरल्यासारखा खिसा चाचपला. मग व्यवहाराचं बोलायचं म्हणून बोलला, की भोक पाडलेली परत घेता यायची न्हाई, कापलेला तुकडा असंल तर द्या, चिकटवून बघतो.

"तो मिक्सरखाली हाय. देणार न्हाई."

मलप्पा तिच्याकडं बघत होता. नायगावची भांडी या वेळी त्याच्या तोंडात आली नाहीत. तो एवढंच म्हणाला, "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगत हुते. तुम्ही हसला."

तिनं गुरुपादप्पाच्या हातातून उशी घेतली, फरशीवर टाकली आणि दोघांच्या देखत कुशीवर आडवी झाली. दुकानात झोपवलं होतं ना सगळ्यांसमोर, मग आता इथं बघा. उजवा हात पुढं फरशीवर मोकळा पसरला. कान भोकात गेला.

गुरुपादप्पा नवी उशी छातीशी धरून तसाच उभा होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"काई ऐकू येतंय का, वैनी?"

"न्हाई."

"मग?"

"मग झोपते. दार लोटून जावा."

गुरुपादप्पा पाय न वाजवता दारापर्यंत गेला. मलप्पा दुकानाकडं निघाला आणि जाता जाता त्यानं वाटेतली लोखंडी खुर्ची सवयीनं पायानं बाजूला ओढली.

"खुर्ची," अंबिका डोळे न उघडता म्हणाली.

त्यानं ती उचलली.