तळ्याकाठची दीड मीटर वाट

एका हातात बूट, दुसऱ्या हातानं स्कर्ट वर धरलेला, अशी लिओकादिया गुडघाभर पाण्यात उतरली. ऑक्टोबर संपत आला होता. उकियेल तळ्याचं पाणी हाडांत शिरत होतं. डावीकडे काठावर घर असलेल्या गोर्नित्स्की साहेबांचं नवं तारेचं कुंपण थेट पाण्यात येऊन थांबलं होतं. त्याला वळसा घालून ती पलीकडच्या काठावर चढली, पाय पुसले, बूट घातले आणि बर्चच्या झाडांखालून चालू लागली.

ओल्श्तिन शहराच्या या भागात तिनं एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं. निवृत्त झाल्यावरही सकाळची फेरी सुटली नव्हती. नवरा वितोल्द होता तोवर तो गळ घेऊन पुढे आणि ती मागे. आता ती एकटीच.

काठालगतची दीड मीटर रुंद वाट कुणी अडवू नये, हा कायदाच होता. तिनं नगरपालिकेत दोन अर्ज दिले. दोन्हींवर एकच उत्तर आलं, चौकशी चालू आहे. शेजारीण ब्रिगिदा म्हणाली, रस्त्यानं जावं की, डांबरी आहे, पायही भिजत नाहीत. आणि गोर्नित्स्कीशी वाकडं घेऊन काय मिळणार, मोठी माणसं ती. लिओकादियानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरली.

नोव्हेंबरात एका सकाळी शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला आणि ती छातीपर्यंत पाण्यात गेली. लव्हाळ्यातली पाणकोंबडी फडफडत उडाली. उठायला जावं तर ओला कोट खाली ओढत होता. तेवढ्यात घरच्या चपलांवरच गोर्नित्स्की धावत आला, पाण्यात शिरला आणि तिला बखोटीला धरून बाहेर काढलं.

त्यानं तिला स्वयंपाकघरात बसवलं, घोंगडी दिली, चहात रास्पबेरीचा पाक घातला. त्याचेही दात वाजत होते. मूळचा वाईट माणूस नव्हता तो. उन्हाळ्यात लोक येतात, बाटल्या फेकतात, बायको घाबरते, असं पुन्हापुन्हा सांगत होता. लिओकादियाला त्याची थोडी कीवही आली. मग उठून त्यानं कुंपणातल्या फाटकाची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"काकू, ही तुमची. रोज या, जा. कुणाला सांगू नका फक्त."

तिनं किल्ली उचलली नाही. चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, घोंगडीची नीट घडी घातली.

"जीव वाचवलात, उपकार विसरणार नाही," ती म्हणाली. "पण वाट काय तुमच्या घरची भांडीकुंडी आहे, शेजारणीला उसनी द्यायला?"

नऊ दिवस ती तापानं पडून होती. ब्रिगिदा सूप आणून द्यायची आणि बोलणीही खायला घालायची. दहाव्या दिवशी लिओकादियानं माळ्यावरून वितोल्दचे मासेमारीचे रबरी बूट काढले. मांडीपर्यंत येणारे, तिला चार बोटं मोठे. आत दोन लोकरी मोजे घातले आणि निघाली.

गोर्नित्स्की अंगणात पानं गोळा करत होता. तिला पाहून तो कुंपणापाशी आला.

"फाटक उघडं ठेवलंय, काकू."

"सगळ्यांना?"

तो वळून पुन्हा दाताळ्यानं पानं ओढू लागला.  तिनं एका हातानं कुंपणाचा खांब धरला आणि काठावरच्या पापुद्र्यासारख्या बर्फावर पहिलं पाऊल टाकलं. बर्फ कडकन मोडला.