धाकट्याची गिटार ‘हो’ म्हणते

गिटार वाजली आणि हॉलमधल्या दीड-दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

वाजवणारी बाई साठीची, जन्मात कधी वाद्याला हात न लावलेली. तिने उजव्या हाताचा अंगठा सहाही तारांवरून नुसता ओढला होता, पण सूर असा भरलेला आणि गोड निघाला, की एखाद्या मुरलेल्या वादकानेही मान डोलवावी.

“ऐकलंत?” नादबाबा डोळे मिटूनच म्हणाले. “हात आईचा, सूर लेकाचा!”

मागे कुणीतरी हुंदका दिला. फर्निचरच्या दुकानावरचा हा भाड्याचा हॉल दर रविवारी असाच भरायचा. ज्यांचं कुणी गेलं असेल ते त्या माणसाचं घड्याळ, चष्मा, असलं काहीबाही घेऊन यायचे. त्यात कुणी वाद्य आणलं, की बाबांची कळी खुलायची.

“नाद म्हणजे काय? कंपन! कंपन म्हणजे काय? ऊर्जा! आणि ऊर्जा मरते का हो? विज्ञान सांगतं, ऊर्जा मरत नाही! मग तुमचा मुलगा कसा मरेल?”

पहिल्या रांगेत बसलेली त्या बाईची थोरली लेक शाळेत विज्ञान शिकवायची. ऊर्जेचं हे वाक्य ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. चोरीला गेलेला आपला सदरा भलत्याच्याच अंगावर दिसावा, तसं तिला झालं. पण खरं सांगायचं तर तो सूर ऐकून तिच्याही अंगावर काटा आला होता. गिटार तिच्या भावाची, धाकट्याची होती. गेल्या वर्षी मोटारसायकलवरून घरी येताना ट्रकने त्याला उडवलं होतं.

“विचारा आई. गोड वाजली तर हो, बेसूर वाजली तर नाही,” बाबा म्हणाले. त्यांचा डावा हात आशीर्वाद दिल्यासारखा गिटारच्या दांड्यावर होता.

“सुखात आहेस ना रे?” आईने तारा छेडल्या. गोड.

“मी तुझ्या खोलीत येऊन बसते, ते कळतं का तुला?” पुन्हा गोड. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

मग ती हळूच म्हणाली, “ऑपरेशन करून घेऊ का रे?”

दात आंबावेत असा कर्कश आवाज निघाला. अख्खा हॉल “अरे देवा” म्हणाला.

आईच्या छातीत गाठ होती. लवकर काढली तर बरं होण्यासारखं आहे, पण वेळ घालवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. त्या रविवारनंतर आईने दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही.

“त्याने नको म्हटलंय. विषय संपला.”

“आई, तो सूर बाबांनी काढला असेल.”

“तुला हेवा वाटतो. तो तुझ्याशी नाही बोलला, माझ्याशी बोलला.”

एका दुपारी आई झोपली असताना थोरलीने धाकट्याच्या खोलीत जाऊन गिटार बाहेर काढली. खोळीच्या खिशात त्याचा ट्यूनर होता, काडेपेटीएवढा, चिमट्यासारखा बसणारा. तार छेडली की त्याच्या पडद्यावर सुराचं अक्षर उमटायचं. धाकटा रोज वाजवण्याआधी तारा लावताना वर्गात हजेरी घ्यावी तशी ती अक्षरं मोठ्याने म्हणायचा: ई, ए, डी, जी, बी, ई. घरातल्या सगळ्यांना ती पाठ झाली होती.

तिने ट्यूनर लावून एकेक तार छेडली. डी, जी, डी, जी, बी, डी.

तीन तारा खाली उतरवलेल्या होत्या. गेल्याच रविवारी ‘शुद्धीसाठी’ म्हणून बाबांनी गिटार अर्धा तास आतल्या खोलीत नेली होती.

तिला एकदम एक सुट्टीचा दिवस आठवला. धाकट्याने अशाच तारा उतरवून गिटार तिच्या मांडीवर ठेवली होती. “याला ओपन ट्यूनिंग म्हणतात, ताई. डावी बोटं लावायचीच नाहीत, मोकळ्या ताराच गोड वाजतात. आता तुझ्यासारखी ढसुद्धा वाजवेल!” केवढा हसला होता तो.

थोरलीने डाव्या हाताचं बोट एकेका तारेवर दाबून सगळ्या तारा छेडून बघितल्या. तिसऱ्या तारेवर, अगदी टोकाशी, बाबांचा डावा हात असायचा तिथे दाबलं आणि तोच दात आंबवणारा आवाज निघाला.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये ती उभी राहिली. “बाबा, आज आईला एकटीला विचारू द्या. तुमचा हात नको.”

“माझ्या स्पर्शाशिवाय आत्म्याला वाट सापडत नाही.”

“आईची हाकही पुरत नाही का त्याला?”

लोक कुजबुजले. आई बाबांकडे बघत होती. शेवटी बाबांनी हात काढला.

“ऑपरेशन करू का रे?” आईने विचारलं.

गोड, भरलेला सूर.

आईचा चेहरा उजळला. “हो म्हणाला! अगं, तो हो म्हणाला!”

थोरलीला वाटलं, इथेच थांबलं तर? आई उद्याच दवाखान्यात येईल. आणि खुशीत येईल. पण ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने उपचार होते, आणि दर रविवारी तो हात पुन्हा दांड्यावर असणार होता.

“आता विचार, ऑपरेशन टाळू का?”

आईने विचारलं. तोच गोड सूर. तिचा अंगठा थबकला.

“विचार, तू जिवंत आहेस का?”

“नको गं...”

“विचार आई.”

पुन्हा तोच. कुणी हात लावला नाही, तर गिटार सगळ्यालाच हो म्हणत होती.

मग थोरलीने ट्यूनर लावला, अक्षरं मोठ्याने वाचत तिन्ही तारा वर चढवल्या आणि म्हणाली, “माझा भाऊ गिटार अशी लावायचा.” तिने मोकळ्या तारा छेडल्या, सूर अर्धवट, लोंबकळल्यासारखा निघाला. तारा पुन्हा उतरवून तिने गिटार शेजारच्या एका चिमुरडीपुढे धरली. पोरीने फटकन हात मारला, आणि तोच चमत्कार झाला! मग थोरलीने तिसऱ्या तारेवर बोट दाबून सगळ्या तारा छेडल्या. “आणि हा बाबांचा नकार.”

“यंत्राला काय कळतं आत्म्यातलं?” बाबा ओरडले.

“काहीच नाही. तुम्ही तारा कुठे नेऊन ठेवल्यात, तेवढं कळतं. माझ्या आईला ‘नको’ का म्हणालात?”

बाबा तिच्याजवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, “तिलाच नको होतं. मी फक्त तिच्या तोंडावरचं वाचलं.”

हे आईने ऐकलं.

काही माणसं तिथूनच जिना उतरली. बरीचशी बसून राहिली. एक गृहस्थ बायकोचं घड्याळ छातीशी धरून थोरलीवर खेकसले, “तुमची गिटार खोटी असेल. माझं घड्याळ खरं आहे!” तिला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “दुसऱ्यांदा नेलंस त्याला.” मग कित्येक दिवस ताट पुढ्यात यायचं, तसंच परत जायचं. एका सकाळी मात्र ती बाहेर जायचे कपडे करून दाराशी उभी होती. “चल.”

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर तिने विचारलं, “तो असता तर काय म्हणाला असता गं?”

हो म्हणणं किती सोपं होतं!

“ठाऊक नाही, आई. गेलेल्याच्या तोंडी आपणच शब्द घालतो. आपण नाही घातले, तर असा एखादा बाबा घालतो. ज्याला उलटून विचारता येतं, त्याला विचार. डॉक्टरीणबाईंना विचार, पटेपर्यंत विचार. त्या वैतागल्या तर दुसरीकडे जाऊ. पण ज्याचं उत्तर तपासून बघता येत नाही, त्याच्या हातात जीव देऊ नकोस.”

आत गेल्यावर थोरलीने तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “डॉक्टर, मी फार उशीर केला. त्याने काही बिघडलं का?”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. “आत्ता नाही सांगता येणार. तपासावं लागेल.”

थोरलीचा जीव टांगणीला लागला. एवढे दिवस ठाम उत्तरांवर जगलेली आई आता उठून निघून जाईल, असं तिला वाटलं.

आईने पदर सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

“मग तपासा,” ती म्हणाली.