बंबाची पेज

नाहूरच्या त्या बैठ्या चाळीत घरोघरी मोरीत गिझर आले, पण परबांच्या मागच्या पडवीतला तांब्याचा बंब काही हलला नाही. मधोमध विस्तवाचा उभा नळा, नळ्याभोवती पाण्याचं गोल पोट, खाली राखेची जाळी, पुढे पितळी तोटी. परबांची बायको शेवंती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर तो कणकवलीहून एसटीच्या टपावर बसून आला होता. शेवंती गेल्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून बंबात विस्तव पडला नव्हता. कोळ्यांनी त्यात घर केलं होतं.

आज मात्र जयवंत परब सकाळपासून त्याच्याशी झटत होते. कारण घरात बाळंतीण होती.

दिशा काल दवाखान्यातून बाळाला घेऊन आली ती सासरी मुलुंडला न जाता थेट माहेरी. तिच्या सासूबाई, विमलाताई, बरोबर आल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण बोलणं सुरीसारखं. घरभर एक नजर फिरवून म्हणाल्या होत्या, "व्याहीबुवा, राग मानू नका. घरात बाईमाणूस नाही. बाळंतपण कोण करणार? तुमचा तो गिझर म्हणजे दोन तांबे गरम पाणी आणि मग गारठा. बाळंतिणीला बादल्यांवर बादल्या कढत पाणी लागतं."

"बंब आहे ना," जयवंत म्हणाले.

"हा? ह्यात तर मांजर विईल."

दिशा गादीवरून हळूच म्हणाली, "आई, मला इथेच राहायचंय हो."

विमलाताईंनी सुनेकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. "ठीक. उद्या सकाळी येते. पहिल्या न्हाणाचं पाणी बघते. जमलं तर राहू दे. नाही जमलं तर तिला आणि बाळाला घेऊन जाईन, मग मला कोणी अडवायचं नाही."

ते शब्द जयवंतांनी गाठीला बांधले. लेक माहेरी राहणार की जाणार, ते आता बंबाच्या पोटात होतं.

आणि बंबाच्या पोटाचं त्यांना काय नवल? साकीनाक्याच्या रंगाच्या कारखान्यात उभा जन्म त्यांनी बॉयलर सांभाळला होता. वाफेचा आवाज ऐकून दाब सांगणारा माणूस. बॉयलरच्या आत पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर जमतो, त्याला तिथे स्केल म्हणायचे. स्केल म्हणजे दुश्मन, साहेबसुद्धा त्याला घाबरायचा. तेव्हा जयवंतांनी झाकण काढून बंबात बॅटरी मारली आणि आतला तो जाडजूड पांढरा थर पाहून त्यांचे हात शिवशिवले. लिंबाची पावडर घालून पाणी भरून ठेवलं, ओतलं, मग तारेचा ब्रश लांब काठीला बांधून खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे निघाले, चकत्या निघाल्या. तोटीचं वायसर बदललं. जाळी ठोकून सरळ केली. बाहेरून चिंच आणि राख. दुपार कलली तेव्हा बंब असा झळकत होता की त्यात माणसाला आपली मिशी विंचरता यावी.

शेजारच्या शकुवहिनी कुंपणापलीकडून डोकावल्या. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं.

"अवो भावोजी, बंब घासतास काय नवरो सजवतास?"

"उद्या विहीणबाई बघायला येतायत. मुलगा दाखवायचाय," जयवंत म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी स्वतःच्याच विनोदाला हसले.

आधी पाणी, मग विस्तव, हा बंबाचा धर्म. त्यांनी कळशीने पाणी भरलं, नळ्यात करवंट्या नि नारळाची सोडणं टाकली, पेटता कागद सोडला. धुराने एक वळसा घेतला आणि सरळ वर गेला. जयवंतांनी समाधानाने कमरेवर हात ठेवले.

आणि मग तो आवाज आला. चुर्र.

वाकून पाहतात तर खालच्या जोडातून पाणी पाझरतंय. एक थेंब लोंबतोय, विस्तवावर पडतोय, चुर्र. त्याच्या पाठोपाठ दुसरा. बघता बघता करवंट्या काळ्या पडल्या आणि विस्तव कुजबुजत विझून गेला.

जयवंत पाटावर बसले. काय झालं ते त्यांना लगेच उमगलं, आणि तेच जास्त लागलं. इतक्या वर्षांत जोडातलं कथील झिजलं होतं, बारीक चिरा पडल्या होत्या, आणि त्या चिरा त्या पांढऱ्या थराने बुजवून धरल्या होत्या. कारखान्यातला दुश्मन घरातल्या बंबाचा सोबती होता. आणि त्याला त्यांनी आपल्या हाताने, तारेच्या ब्रशने, हाकलून दिलं होतं.

साकीनाक्याच्या ओळखीच्या झाळकाम करणाऱ्याला त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, "परबकाका, आणून टाका, पण परवाशिवाय हात नाही लागणार. आणि खरं सांगू? एवढा जुना माल. एक जोड तापवला की दुसरा सुटणार. भंगारात घाला ना."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता विहीणबाईंना काय सांगायचं? लेकीला काय सांगायचं? पडवीत ऊन तिरपं झालं होतं. घासलेला बंब त्या उन्हात नुसता सोन्यासारखा दिसत होता, आणि खालून टिपकत होता. दागिने घालून रडणाऱ्या नवरीसारखा.

आत बाळ कुरकुरलं. दिशा त्याला मांडीवर घेऊन थोपटत होती. थोपटता थोपटता गुणगुणू लागली. अंगाई तिला कुठली येणार? लहानपणी आईच्या तोंडून मोरीत, पडवीत जे ऐकलं होतं तेच ओठांवर आलं.

*तांब्याचा माझा बंब, चिंच-राखेनं घासला*
*आतल्या सायीला बाई, नाही हात मी लावला*

जयवंतांनी मान वर केली.

*घासून झाला बंब, त्याला पेज मी पाजली*
*पेज प्यालेल्या लेकरानं, नाही टिपं गं गाळली*

ही ओवी त्यांनी किती वेळा ऐकली असेल! दर दिवाळीआधी शेवंती बंब घासायची, तेव्हा ती चालूच असायची, जसा नळ चालू असतो, जसा शेजारचा रेडिओ चालू असतो. घासून झालं की बंबाला पहिली पेज पाजायची तिची रीत होती. उकड्या तांदळाची दाट पेज ती बंबात ओतायची आणि मंद विस्तवावर रटरटू द्यायची. जयवंत वर्तमानपत्रामागून हसायचे, "अगं, बंबाला काय दात आलेत? लेकरू आहे का ते?" ती म्हणायची, "लेकरूच आहे. तुम्ही तुमचा बॉयलर सांभाळा, मी माझा सांभाळते." त्यांना वाटायचं, कोकणातला काहीतरी नैवेद्य असेल. बायकांचं काहीतरी असतं.

ते उठून आत आले. "दिशा, ते परत म्हण."

"काय?"

"ते आईचं. बंबाचं."

"पप्पा, अहो असंच म्हणत होते. सगळं आठवतही नाही." पण तिने म्हटलं. बाळ आईच्या तोंडाकडे बघत राहिलं, आणि बाळाचा आजोबा दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. साय. त्या पांढऱ्या थराला शेवंती साय म्हणायची.

"उकडे तांदूळ आहेत का गं घरात?"

"शकुमावशींनी कालच आणून दिलेत ना माझ्या पेजेला. भूक लागली का तुम्हाला?"

"मला नाही," जयवंत म्हणाले. "बंबाला."

दिशा हसता हसता थांबली. वडिलांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

त्यांनी मोठं पातेलं चढवलं. तांदूळ शिजून शिजून विरघळले, पेज लापशीसारखी दाट झाली, घरभर तो गोडसर वास पसरला. शकुवहिनी वासावर आल्या. बंबात पेज ओतणाऱ्या भावोजींना बघून त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "हळू ओता. शेवंती धार अशी कडेकडेन सोडी. जोडाक लागाक होयी." आणि ढवळायला उलथणं घेऊन बसल्या.

विस्तव मंद ठेवला. पहिल्यांदा पांढरट थेंब गळाले. चुर्र, चुर्र. थेंब दाट होऊ लागला. लोंबला, पण पडायला वेळ लावू लागला. तापल्या तांब्यावर पेज चिकटत होती, चिरांत बसून भाजत होती. मग एक थेंब लोंबला तो लोंबलाच. तिथेच वाळून त्याचा लहानसा पिवळा मणी झाला.

तोटी उघडून पेज काढून टाकली, चांगल्या पाण्याने विसळलं, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा विस्तव घातला. विस्तव जळत राहिला. बंबाने आतून तो ओळखीचा आवाज काढला, पाणी तापायला लागल्यावरचा, म्हाताऱ्या माणसाने झोपेत समाधानाने हुंकार द्यावा तसा. तोटीखाली हात धरला तर चटका बसला.

"शेवंती गो," शकुवहिनी एवढंच म्हणाल्या आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाताई आल्या त्या हातात मोठी रिकामी पिशवी घेऊनच. पिशवी कशाला ते कोणी विचारलं नाही. मोरीत धुराच्या वासाचं कढत पाणी बादलीत पडत होतं. शकुवहिनी दिशाच्या पाठीवर तांब्यामागून तांबे ओतत होत्या, वाफेत दोघी दिसेनाशा झाल्या होत्या, आणि दिशा लहान मुलीसारखी "अजून, मावशी, अजून" म्हणत होती. बाळ आधीच न्हाऊन, ओव्याची धुरी घेऊन, लाल होऊन झोपलं होतं.

विमलाताईंनी बादलीत बोटं बुडवली आणि झटकन काढली. मग पडवीत जाऊन बंबाभोवती एक फेरी घातली. खाली वाकून जोड पाहिला. तो पिवळा मणी त्यांना दिसला.

"हे काय लावलंत? एमसील?"

"पेज आहे."

"पेज?"

"शेवंतीची रीत होती," जयवंत म्हणाले. "मी विसरलो होतो. खरं तर मी कधी ऐकलंच नव्हतं."

विमलाताईंनी पुन्हा वाकून तो मणी पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्या आईकडे होता असा बंब. विकला आम्ही. गळतो म्हणून." त्यांनी हात पदराला पुसला. "ह्याला जळण काय लागतं हो?"

"सोडणं, करवंट्या. सुतारांकडचे तुकडे."

"आमच्या बिल्डिंगखाली शहाळीवाला बसतो. ढीग पडलेला असतो. वाळलेलं बघून आणते." त्यांनी रिकामी पिशवी झटकली, घडी केली आणि काखेत मारली. "सव्वा महिना पुरायला पाहिजे ना."

जाता जाता दारातून वळल्या. "आणि व्याहीबुवा, आत परत ब्रश घालू नका."

"नाही हो," जयवंत म्हणाले, आणि बंबात दुपारच्या शेकाचं पाणी ओतायला कळशी उचलली.