करंगळीएवढा पिस्टन

मी एका जुन्या मोटारसायकलचा पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. तुम्हाला गाडीची टाकी दिसते, आरसे दिसतात, आवाज ऐकू येतो. मी हँडलच्या उजव्या बाजूला गपचूप बसलेला असतो. डोक्यावर ऑइलची डबी आणि पोटात करंगळीएवढा पिस्टन, एवढाच माझा संसार. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे सरतो, ऑइल नळीतून खाली ढकलतो आणि चाकाच्या डिस्कला पॅड घट्ट धरतात. गाडी थांबते. नाव ब्रेकचं होतं, राबतो मी.

कारखान्यात माझ्यासारखे शेकड्यांनी होते. तिथले दिवस सांगण्यासारखे नाहीत. सांगण्यासारखं आयुष्य सुरू झालं ते बाईंच्या हाताखाली.

बाई शिवणकाम करायच्या. गाडी नवऱ्याची होती. तो गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाका. बाई म्हणाल्या, "मला विकून टाका आधी." आणि आठ दिवसांत गाडी शिकल्या. शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या नर्सबाईंचे कोट, शिवून झालं की गठ्ठा मागे बांधायचा आणि पोचवून यायचं. पंचवीस वर्षं. गठ्ठा कधी भिजला नाही, की उशिरा पोचला नाही.

कात्री चालवून चालवून त्यांच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. अंगठ्यात जोर राहिला नव्हता. सुईत दोरा ओवायला चष्मा आणि देव दोन्ही लागायचे. पण ब्रेक? दोन बोटं टेकवायच्या आणि मी गाडी थांबवायचो. त्या हाताचं आणि माझं जमलेलं होतं. ते कुणाला सांगून कळणारं नव्हतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

मग माझ्या आतली रबरं झिजली. लिव्हर दाबून धरली की हळूहळू खाली बसायला लागली. ऑइलचा घाम सुटला. बाईंनी गाडी गॅरेजात नेली. सोबत मुलगा होता, शिवणाच्या दुकानात कापायच्या टेबलापाशी उभा राहणारा, गळ्यात टेप घालून.

मेकॅनिक जुना माणूस. त्याने मला उघडून पाहिलं. "वहिनी, आतून घासलेला नाही. रबराचं किट टाकतो, अजून पाच वर्षं बघायला नको."

मुलगा म्हणाला, "किट कशाला, भाऊ? आयुष्यभर आईने ठिगळंच लावली. एकदा चांगला बसवू."

आणि त्याने पिशवीतून नवा सिलिंडर काढला. काळा, सोनेरी टोपीचा, अंगठ्याएवढ्या पिस्टनचा. मीसुद्धा बघत राहिलो, खोटं कशाला बोलू.

"हा दोन डिस्कवाल्या मोठ्या गाडीचा आहे," मेकॅनिक म्हणाला. "आपल्या गाडीला पुढे एकच डिस्क. पिस्टन मोठा झाला की तेवढ्याच ब्रेकला हाताचा जोर जास्त लागतो, बाळा."

"मोठा आहे म्हणजे जोर जास्तच असणार ना, भाऊ. लहानाने काय ब्रेक लागणार?"

मित्रांनो, ही चूक शिकलेली माणसंसुद्धा करतात. मोठं दिसलं की मान हलवतात. मेकॅनिकने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पाना उचलला. गिऱ्हाईक होतं ते.

बसवून झाल्यावर मुलाने लिव्हर दाबली. दगडासारखी कडक. तो खूश झाला. बाईंनी दाबून पाहिली.

"कडक आहे रे."

"नवीन आहे, आई. कडक म्हणजेच चांगला."

बाई पुढे बोलल्या नाहीत. एरवी भाजीवाल्यालासुद्धा उत्तर दिल्याशिवाय न सोडणारी बाई. पण मुलाने आपण होऊन पहिल्यांदा काहीतरी आणलं होतं. त्यांनी मला चिंधीत गुंडाळलं आणि गाडीच्या बाजूच्या डब्यात ठेवलं. घरी जाऊन जावेला म्हणाल्या, "रेसच्या गाडीचा ब्रेक आहे. तुझ्या मुलाने तुला साधी छत्री तरी आणली का?"

पुढचे दिवस मी डब्यात पडून सगळं ऐकत होतो. आधी दोन बोटं, मग तीन, मग चारही. बाई दात ओठ खाऊन लिव्हर ओढायच्या आणि गाडी थांबायची ती पूर्वी जिथे थांबायची तिथून हातभर पुढे. त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, "बोटं पार कामातून गेली."

बोटं तीच होती हो. काल होती तीच. पण मी चिंधीत होतो.

शाळेच्या उतारावर हातगाडी आडवी आली. बाईंनी चारही बोटांनी जीव खाऊन ओढलं. गाडी थांबली नाही. हातगाडीवाला वाचला, बाईंचं डावं मनगट मोडलं.

घरातल्यांनी बसून ठरवलं की वय झालं. मुलाने किल्ली खिशात घातली. बाई प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून एवढंच म्हणाल्या, "गाडीचा दोष नाही. माझा हातच गेला."

मुलाने गाडी गॅरेजात आणली. मेकॅनिकने लिव्हर दाबली आणि पाना खाली ठेवला. "तुला सांगितलं होतं मी. हा ब्रेक वहिनींच्या हाताने लागणं शक्य नव्हतं. त्यांचा हात धड आहे."

मुलाने सोनेरी टोपीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आईला सांगू नका, भाऊ. तिला वाईट वाटेल."

वाईट कुणाला वाटणार होतं ते मेकॅनिकलाही कळलं, मलाही कळलं. त्याने डबा उघडून मला काढलं, किट टाकलं, परत जागेवर बसवलं. मी पुन्हा ठणठणीत झालो. आठवड्याने गाडी विकली गेली.

नवा मालक पोस्टात कारकून आहे. परवा तो पँट आखूड करायला बाईंच्या दुकानात गेला. बाई बाहेर आल्या. हाताचं प्लॅस्टर निघालं होतं. गाडीकडे बघून म्हणाल्या, "नीट चालते का?"

"झकास, मावशी. ब्रेक तर लोण्यासारखा."

बाईंनी उजवा हात लिव्हरवर ठेवला. दोन बोटं टेकवली. मी होतं नव्हतं तेवढं सगळं दिलं. त्यांनी सोडली, पुन्हा दाबली. वाकून माझ्याकडे नीट पाहिलं.

"हा जुना कुणी बसवला?"

"मी घेतली तेव्हा हाच होता."

आत मुलगा कापड कापत होता. कात्रीचा आवाज थांबला. बाईंनी मान वळवली. "काय रे, हात माझा गेला होता ना?"

त्याने कात्री पुन्हा कापडात घातली. बाईंनी कारकुनाच्या हातातून पँट घेतली. "दोन इंच का तीन?" एवढंच विचारून त्या आत गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणणार नाही. मी धातू आहे, मोडीत गेलो तरी वितळून कशाच्या तरी कामाला येईन. पण कुणासाठी काही बदलायचं असेल, तर ज्याच्या हातात ते राहणार आहे त्याला आधी विचारा. आणि तो "कडक आहे" म्हणाला, तर ऐका. चूक झालीच, तर आपल्या तोंडाने सांगा. म्हाताऱ्या माणसाच्या वयावर ती ढकलू नका. ती माणसं मुकाट्याने अंगावर घेतात, आणि मग खरोखरच म्हातारी होतात.